कागदोपत्री प्रस्थान

यादी केली की माणूस चुकत नाही, असं भगवंतराव निफाडकरांचं ठाम मत होतं. सुरतेच्या पाटबंधारे कचेरीत हेडक्लार्क म्हणून एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाशी त्यावर वाद घालायची हिंमत घरात कुणाची नव्हती. किराण्याची यादी, धोब्याच्या कपड्यांची यादी, लग्नात कुणी काय आहेर केला त्याची यादी, आणि या सगळ्या याद्या कुठे ठेवल्या आहेत त्याची आणखी एक यादी! तेव्हा चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात त्यांचा धाकटा मेहुणा अविनाश कारखान्यातर्फे सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला जर्मनीला निघाला, त्या वेळी सगळ्यांना हातानंच गप्प करून ते म्हणाले, "सांताक्रूझला विमानाच्या दारात नेऊन उभा करायची जबाबदारी माझी. तुम्ही फक्त गाडीत बसा."

जबाबदारी साधी नव्हती. अविनाश वेळेवर पोचला नाही, तर त्याच्या जागी पाठवायला कारखान्याकडे दुसरा माणूस तयार होता. आणि अविनाशची थोरली बहीण, म्हणजे भगवंतरावांची बायको शकुंतला, हिचा तर जीव त्या विमानात अडकला होता. वडील गेले तेव्हा अविनाश तिसरीत होता. त्याच्या पाटीपासून पँटीपर्यंत सगळं तिनंच बघितलं होतं. त्याला विमानात चढताना एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

अडचण निघाली ती पंचांगात. विमान शनिवारी संध्याकाळी साडेसहाचं, आणि सासूबाईंच्या, म्हणजे चंद्रभागाबाईंच्या पंचांगात शनिवारी निघायला एक घटकासुद्धा चांगली नव्हती. चांगला मुहूर्त गुरुवारी सकाळचा. मग त्यांनी प्रस्थान ठेवायचं काढलं. म्हणजे माणसाला मुहूर्तावर निघता येत नसेल तर त्याची एखादी वस्तू, तांदूळ, सुपारी आणि हळकुंडासकट फडक्यात बांधून, मुहूर्ताच्या वेळी घराबाहेर दुसऱ्याकडे नेऊन ठेवायची. वस्तू निघाली की माणूस निघाला, असा हिशोब. पुढे दोन दिवसांनी माणसानं जाता जाता ते गाठोडं उचलायचं. फक्त एकदा निघालेलं प्रस्थान मागे फिरवायचं नाही.

आता हे गाठोडं प्रवासाच्या दिशेला ठेवावं लागतं. मुंबई दक्षिणेला आणि जर्मनी पश्चिमेला, तेव्हा दिशा कुठली धरायची यावर घरात दोन दिवस खल झाला. भगवंतरावांनी भिंतीवरचा नकाशा काढून पट्टी लावली आणि नैर्ऋत्येला असलेलं समुद्रकाठचं डुमस दोन्ही दिशांना सारखंच चालतं असा निकाल दिला. डुमसला एका जरीवाल्या शेठच्या बंगल्यावर सुकदेव नावाचा खानदेशी रखवालदार होता. त्याच्या बायकोकडे, शोभाबाईकडे, प्रस्थान ठेवायचं ठरलं.

इथवर सगळं सासूबाईंचं होतं. पण गाठोड्यात अविनाशचा धुतलेला सदरा ठेवायला त्या निघाल्या, तेव्हा भगवंतरावांच्या डोक्यात एक अस्सल सरकारी कल्पना आली. सदरा कशाला? ज्याच्यावाचून अविनाशचं पाऊल पुढे पडणारच नाही, ती वस्तू ठेवा. आणि त्यांनी पासपोर्ट आणि विमानाचं तिकीट एका खाकी पाकिटात घालून तांदळावर ठेवलं.

"आता तो कागदोपत्री गुरुवारीच निघाला," ते म्हणाले. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा जावयाकडे कौतुकानं बघितलं.

शनिवारी पहाटे दोन गाड्या डुमसला पोचल्या. एक भाड्याची अँबॅसिडर, तिचा ड्रायव्हर लिंबायतचा उखा. तिच्यात सासूबाई, भगवंतराव आणि शेजारच्या धुरपदाबाई. या धुरपदाबाईंना विमान जवळून बघायचं होतं, म्हणून त्या आपण होऊनच आल्या होत्या. मागे कचेरीतल्या सुधाकरची फियाट. तिच्यात सुधाकर, त्याची बायको सुलभा, शकुंतला आणि पुऱ्यांचा डबा. पेटी अँबॅसिडरच्या टपावर. अविनाशची जागा अँबॅसिडरमध्ये मागे मधोमध. हे सगळं फुलस्केप कागदावर गाडीनिहाय लिहिलेलं होतं.

शोभाबाईनं गाठोडं बाहेर आणून दिलं. ते सासूबाईंनी अविनाशच्या हाताला लावलं, त्याच्या कपाळाला लावलं, आणि प्रवाशाच्या जागी प्रस्थान बसलं पाहिजे म्हणून मागच्या सीटवर मधोमध ठेवलं. मग त्यांनी अविनाशच्या हातात नारळ दिला आणि समुद्र ओलांडायचाय तर आधी त्याला नारळ देऊन ये, म्हणून पिटाळला.

हे सगळं घडलं तेव्हा भगवंतराव टपावरच्या पेटीची दोरी आवळत होते. दोरीला सातवी गाठ मारून ते पुढच्या सीटवर बसले, लाल पेन्सिल काढली आणि मागे न बघता हजेरी घ्यायला लागले. धुरपदाबाई? आहे. सासूबाई? आहे. अविनाश?

"हा काय, माझ्याजवळ बसलाय," सासूबाई गाठोड्यावर हात ठेवून म्हणाल्या. भगवंतरावांनी बरोबरची खूण केली.

फियाटमध्ये शकुंतलेला वाटलं, यादीत लिहिलंय म्हणजे अविनाश पुढे आहे. अँबॅसिडर सुटली, तिच्यामागे फियाट सुटली. सुरतेच्या गर्दीत शिरायचं नाही म्हणून सचिन गावावरून गाड्या हायवेला लागल्या, आणि वाटेत भगवंतरावांनी उखाला तीनदा सांगितलं की नियोजन असं असतं.

सव्वाआठला चिखलीला चहासाठी थांबले. शकुंतला पुऱ्यांचा डबा घेऊन अँबॅसिडरपाशी आली, आत वाकली आणि म्हणाली, "अविनाश कुठंय?"

"तुमच्याकडे नाही का?" भगवंतराव म्हणाले.

"तुमच्याकडे होता ना?"

भगवंतरावांनी यादी काढली. अविनाशच्या नावापुढे खूण होती. त्यांनी ती बायकोला दाखवली, सुधाकरला दाखवली, काही सुचेना म्हणून चहावाल्यालाही दाखवली. खूण सगळ्यांना दिसत होती, अविनाश कुणालाच दिसत नव्हता. शेवटी सासूबाईंना विचारलं, तेव्हा त्यांनी शांतपणे गाठोड्याकडे बोट दाखवलं. प्रस्थान म्हणजेच अविनाश, असं जावईबापूंनीच नव्हतं का सांगितलं?

शकुंतलेनं डबा खाली ठेवला आणि ती मटकन बाकावर बसली. मागे फिरा, असं भगवंतराव उखाला म्हणाले.

"प्रस्थान मागे फिरणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी गाठोडं मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं. ते खाली उतरवून चहावाल्याकडे ठेवता येईल का, असं सुधाकरनं विचारून बघितलं. सासूबाईंनी गाठोडं पदराखाली घेतलं. मग ठरलं की फियाटनं परत डुमसला जाऊन अविनाशला आणायचं आणि अँबॅसिडरनं इथंच थांबायचं. शकुंतला फियाटमध्ये चढली. तिला कुणी थांबवू शकलं नसतं, आणि भगवंतरावांचं ते धाडसही नव्हतं.

ऊन चढायला लागलं. पाच पावलांवर कडुलिंबाची दाट सावली होती, पण ती होती गाडीच्या मागच्या बाजूला. उखानं रिव्हर्स गिअर टाकला मात्र, सासूबाई ओरडल्या. पाच पावलंसुद्धा मागे नाही! गाडी तिथंच तापत राहिली. धुरपदाबाईंनी दोनदा विचारलं की विमानतळ हाच का, आणि हाच असेल तर विमानं कधी येतात.

"आते काय करानं, साहेब?" उखानं विचारलं. त्याचंही बरोबर होतं. पण एकोणीस वर्षांत भगवंतरावांना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, ज्याचं उत्तर कुठल्याच फायलीत नाही.

साडेनऊला विटांचा एक ट्रक पुढे जाऊन थांबला आणि त्यातून अविनाश उतरला. गुडघ्यापर्यंत काळा चिखल, केसांत विटांची धूळ, आणि हातात नारळ.

घडलं होतं ते असं. डुमसला ओहोटी होती. ओहोटीला तिथला समुद्र इतका आत जातो की तो आहे यावर विश्वास ठेवावा लागतो. अविनाश काळ्या रेतीवरून चालत राहिला, चालत राहिला, आणि पाणी त्याच्यापुढे चालत राहिलं. तो कंटाळून परत आला तर गाड्या गेलेल्या. शोभाबाई म्हणाली, सगळे गेले, तुम्हीसुद्धा गेलात असं म्हातारीबाई सांगत होत्या. मग दूधवाल्याच्या टेम्पोतून सचिन आणि तिथून हा ट्रक.

"वाटेत फियाट दिसली नाही?" भगवंतरावांनी विचारलं.

"दिसली की. मी हात केला. पण ताई दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून मलाच शोधत होती."

आता फियाट परत येईपर्यंत थांबायचं की निघायचं? अविनाश थांबूया म्हणाला. ताईला भेटल्याशिवाय आपण जाणार नाही, असं म्हणून तो बाकावर बसला. भगवंतरावांनी घड्याळ बघितलं, हायवेवर मागे बघितलं, पुन्हा घड्याळ बघितलं. थांबलं तर विमान चुकण्याची भीती, आणि निघालं तर शकुंतलेची ताटातूट नक्की. चहावाल्याकडे चिठ्ठी ठेवून ते निघाले. चिठ्ठीत एवढंच होतं: 'अविनाश प्रत्यक्ष सापडला. सांताक्रूझला या. लवकर.' 'लवकर'खाली त्यांनी दोन रेघा ओढल्या, आणि पुढच्या सबंध रस्त्यात ते यादीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

वसईच्या खाडीच्या पुलावर सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली. खाडी झाली तरी समुद्राचीच. अविनाशनं नारळ सोडला, आणि खालून होडीतल्या कोळ्यानं त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. म्हणजे नारळ पोचला.

विमानतळावर काउंटरपलीकडच्या साहेबानं पासपोर्ट मागितला. अविनाशनं गाठोडं काउंटरवर ठेवून सोडलं. सुपारी घरंगळत मागच्या परदेशी बाईच्या बुटापाशी गेली. तांदूळ साहेबाच्या रजिस्टरवर पसरले. साहेबानं एक दाणा बोटानं उचलला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच मराठीत विचारलं, "प्रस्थान का?" अविनाशनं मान हलवली. "माझ्या आईनंही ठेवलं होतं," साहेब म्हणाला, आणि त्यानं शिक्का मारला.

फियाट सहाला पोचली. डुमसला बंगल्यावर कुणी नाही, म्हणून अर्धा तास रेतीत शोध, मग सुरतेचं कुलूपबंद घर, मग पुन्हा चिखली. अविनाश केव्हाच आत गेला होता. शकुंतला निरोप देणाऱ्यांच्या गॅलरीत कठड्यापर्यंत घुसली, तेव्हा खाली लोक विमानाकडे चालत निघाले होते. सगळे कोटातले, सगळे पाठमोरे. त्यांतला आपला कोणता हे कळेना. भगवंतराव तिच्यामागे उभे होते आणि त्यांना स्वतःचं तोंड कुठं लपवावं कळत नव्हतं.

तेवढ्यात शिडीच्या तिसऱ्या पायरीवर एक माणूस थांबला आणि त्यानं हात वर केला. हातात गाठोडं होतं. सबंध विमानात गाठोडं एकाकडेच होतं.

"तो बघा," शकुंतला म्हणाली, आणि मनसोक्त रडली. सासूबाईसुद्धा पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, की प्रस्थान ठेवलं म्हणून पोरगा वेळेवर पोचला, नाहीतर काही खरं नव्हतं. भगवंतरावांनी वाद घातला नाही. बायको त्यांच्याकडे बघून हसली होती, आणि तेवढ्यानं त्यांच्या अंगात पुन्हा हेडक्लार्क संचारला.

परतीच्या वेळी त्यांनी कोरा फुलस्केप घेतला. या खेपेस गाडीत बसून हजेरी नाही, माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय खूण नाही. शकुंतलेला आईजवळ बसायचं होतं म्हणून जागा बदलल्या. आपलं नाव त्यांनी सर्वांत वर लिहिलं आणि सुरुवात म्हणून आधी त्यावरच खूण केली. मग दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहून, खिडकीत डोकं घालघालून त्यांनी एकेक चेहरा तपासला. उखा, सासूबाई, धुरपदाबाई, शकुंतला. सुधाकर, सुलभा. सगळे बरोबर. त्यांनी समाधानानं अँबॅसिडरच्या टपावर थाप मारली.

अँबॅसिडर निघाली. तिच्यामागे फियाट निघाली. अँबॅसिडरवाल्यांना वाटलं ते फियाटमध्ये आहेत, फियाटवाल्यांना वाटलं ते अँबॅसिडरमध्ये आहेत. भगवंतराव चार पावलं धावले, हाका मारल्या, आणि दोन्ही गाड्यांचे लाल दिवे वळणावर दिसेनासे झाले. आता चिखलीला चहाला थांबतील तेव्हाच कळेल.

एक हमाल जवळ आला आणि साहेबांना कुठं जायचंय, म्हणून विचारू लागला. भगवंतरावांनी हातातल्या यादीकडे बघितलं. पहिल्याच नावापुढे लाल पेन्सिलीची ठळक खूण होती.

"मी गेलोय," ते म्हणाले.