मंगलताईंच्या चपलांचे तीन जोड

सांगलीतल्या आमच्या लॅबमध्ये तीन खोल्या आणि तपासण्या करणाऱ्या मंगलताईंच्या चपलांचे तीन जोड. खोली बदलली की जोड बदलायचा. एकदा खुद्द डॉक्टर शेवटच्या खोलीतून तिथल्याच लाल चपलांनी पहिल्या खोलीत शिरू लागले, तर ताई दारात आडव्या. "आवं सर, आल्या वाटेनं मागं फिरायचं न्हाई." डॉक्टर मुकाट्याने चपला बदलून बाहेरून वळसा घालून आले. मी तर नुसता रिपोर्ट टाइप करणारा, माझी काय कथा!

ताईंचं चुकत नव्हतं म्हणा. शेवटच्या खोलीतलं मशीन थुंकीचा नमुना चाळीस वेळा तापवतं, निववतं. क्षयाचा जंतू असला तर दर फेरीला त्याचा डीएनए दुप्पट होत जातो, त्याला लागलेला रंग चमकतो आणि पडद्यावर रेघ चढते. तिथला एक कण जरी पहिल्या खोलीत गेला, तरी धडधाकट माणूस रोगी ठरायचा. म्हणून ताई दरवेळी एक नळी नुसत्या पाण्याची लावत. पाण्याचीही रेघ उठली म्हणजे कण फिरला, की सगळं काम रद्द, मग मी कितीही बोंबललो तरी.

हा नाद बाहेरही. मंडईला एका गल्लीने जाणार, दुसरीने येणार. कोथिंबीर विसरली तर विसरली. आणि तासगावला, माहेरी, बारा वर्षं पाऊल नाही. आई गेल्याचं भावाने उशिरा कळवलं, तेव्हापासून बोलणं बंद. ताई म्हणजे लय हट्टी बाई.

गेल्या महिन्यात तासगावच्या नमुन्यांत त्याच भावाचं नाव निघालं. ताई पडद्यापुढे उभ्या राहिल्या. बाविसाव्या फेरीला रेघ उठली. पाण्याची सपाट होती. त्यांनी नमुना पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"आज पाण्याची उठली असती तरी चाललं असतं वो," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांना विचारून त्यांनी स्वतःच फोन लावला. "आण्णा, मी मंगल. भिऊ नगंस. सहा महिनं गोळ्या, एक बी चुकवायची न्हाई. मी येतीया."

चपला जागच्या जागी ठेवून त्या निघाल्या. माझी जीभ कुठली गप्प बसायला. "ताई, आल्या वाटेनं मागं?"

"त्यो नेम लॅबचा हाय वो," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "घरी मीच नेला."