पोंक्षे मास्तरांनी न बघितलेला शेवट

एकच सिनेमा एकोणीस वेळा बघून त्याचा शेवट एकदाही न बघितलेला माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. सांगलीत, लढाईच्या दिवसांत. थेटराच्या दारावर मी होतो. त्यांना आत सोडणारा मीच आणि बाहेर सोडणाराही मीच. तेव्हा शिदू थापा मारतो असं कुणाला म्हणायचं असेल तर त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं.

माझं शिक्षण तिसरी. नापास म्हणून लिहा, मला लाज नाही. गाव कडेगावाकडचं. थेटरात माझी दोन कामं. दारावर तिकिटं फाडायची, आणि सांगलीतला सिनेमा उतरला की त्याच्या रिळांचे डबे साताऱ्याला न्यायचे. तिथलं थेटरही आमच्याच मालकाचं. सिनेमा तिथं चाले तोवर तिथल्या दारावरही मीच. डबे पोचवण्यात माझी कधी चूक झाली नाही. एकदा झाली. ती पुढं सांगतो, कारण ती चूक नव्हतीच असं मास्तरांचं म्हणणं होतं.

पोंक्षे मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, बारा महिने छत्री. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा मधू पलटणीत. मास्तरांच्या काखेत कायम एक जाडजूड इंग्रजी पुस्तक असायचं. तिकडं युरोपात कुणी मनाचा डॉक्टर होता, त्याचं. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण मास्तरांनी सगळं पुस्तक मला तोंडी शिकवलं, मी नको म्हणत असताना.

"शिदू, मन म्हणजे घर. वर सोपा, खाली तळघर. नकोशी गोष्ट माणूस तळघरात ढकलतो, झाकण लावतो, वर सतरंजी घालून पानाचा डबा घेऊन बसतो. आणि मग ती खालून ठोठावत राहते."

"माझ्या घराला तळघर न्हाई, मास्तर. छपराचं घर हाय."

"हे झालं वरचं. खालचं सांग."

हे त्यांचं पालुपद. कुणी काही बोललं की हेच. सोडावाला म्हणाला, मास्तर, आज डोकं धरलंय. "हे झालं वरचं. खालचं सांग." मालकांना गल्ल्याची किल्ली सापडेना, सगळं थेटर पालथं घातलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "मालक, माणूस चुकून काही विसरत नाही. विसरायचं असतं म्हणूनच विसरतो. तुम्हाला हा धंदा मनातून नकोसा झालाय." मालक इतके भडकले की किल्ली त्यांच्याच कोटाच्या अस्तरात आहे हे सांगायला कुणी धजेना.

आता माझी चूक. आधीच्या वर्षी एका सिनेमाचे डबे घेऊन मी निघालो आणि पाच नंबरचा डबा मिरजेच्या फलाटावरच राहिला. साताऱ्यात चार झाल्यावर एकदम सहा लागला. चौथ्यात हिरो बिनलग्नाचा, नदीकाठी गाणं म्हणतोय. सहाव्यात त्याच्या मांडीवर दोन पोरं. पब्लिकनं शिट्ट्यांनी पत्रे हलवले. मी सांगलीला परत आलो तर मास्तर दारात वाटच बघत होते.

"पाचव्या डब्यात काय होतं?"

"लगीन."

"तुझं लग्न कधी झालं?"

"औंदाच की."

"बघ!" मास्तरांनी छत्री आपटली. "तू डबा विसरला नाहीस. तू लग्न विसरलास."

हे कुणीतरी माझ्या बायकोच्या कानावर घातलं. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली, त्यापेक्षा ती आठ दिवस बरी होती.

तर असे मास्तर. आणि त्यांना हवा होता तसाच सिनेमा आमच्या थेटराला लागला. एका बंगल्यात दिवाणखान्याचा झोपाळा आपोआप हलतो. हलला की घरातली सूनबाई किंचाळून बेशुद्ध पडते, आणि दुसऱ्या दिवशी घरातलं कुणीतरी गळा दाबून मारलेलं सापडतं. लोकांना वाटतं भूत. सूनबाईला वाटतं, आपणच मारतोय आणि आपल्यालाच आठवत नाही. मग चष्मेवाला डॉक्टर येतो, तिला खुर्चीत बसवतो आणि म्हणतो, आठव. तिला आठवतं. लहानपणी जत्रेत आईनं धाकट्या बहिणीला तिच्या हवाली केलं होतं. ही पाळण्यात बसली, गरगर फिरताना बहिणीला विसरली, उतरली तर बहीण गायब. एवढं आठवलं आणि ती रडली की बरी होते. झोपाळा दोरीनं हलवणारा आणि गळे दाबणारा दीर निघतो. त्याला फौजदार नेतात. बहिणीचं पुढं काय झालं ते सिनेमा सांगत नाही. कुणी विचारतही नव्हतं. दीर पकडला की पब्लिक खूश.

मास्तर रोज तीनच्या खेळाला. कडेची खुर्ची, दाराजवळची. मध्यंतरात मला धरायचे. "दोरी दिसली? ती दोरी नव्हे. झोपाळा म्हणजे पाळणा. पहिल्या डब्यातच सगळं सांगितलंय, लोकांना दिसत नाही. दीर वगैरे वरचं. खालचं बघ." मलाही हळूहळू दिसायला लागलं, खोटं का बोला. तिसरीत मास्तर असा मिळाला असता तर मी चौथीत गेलो असतो.

पण चष्मेवाला डॉक्टर खुर्ची ओढून "आठव" म्हणाला रे म्हणाला, की मास्तर उठायचे. छत्री घेऊन बाहेर, रांजणाजवळ. पाणी प्यायचे नाहीत, नुसतं ओगराळ्यातून परत ओतायचे. आत शिट्ट्या झाल्या की घरी. रोज. घड्याळ लावून घ्यावं.

मी विचारलं, "मास्तर, येवढा उलगडा होतोय आन् तुमी भाईर?"

"मला उलगडा ठाऊक आहे. साऱ्या सांगलीच्या तोंडी आहे तो."

"मग येकदा बगा तरी."

"दार सोड, शिदू."

एकोणिसाव्या दिवशी शेवटचा खेळ होता. दुसऱ्या दिवशी डबे साताऱ्याला. माझा स्वभाव असा, की कुणी काही लपवलं तर मला अन्न गोड लागत नाही. मास्तर उठले तसा मी दारात आडवा झालो.

"आज न्हाई सोडणार. शेवट बगून जावा."

"बाजूला हो."

"आवं, सगळ्या सांगलीचं खालचं काढलंसा. आता तुमचं सांगा की! वरचं आयकलं आमी."

मला माझ्या बोलण्याचं फार कौतुक वाटलं. हसलो सुद्धा. मास्तर हसले नाहीत. माझ्या हाताखालून वाकून बाहेर आले आणि पायरीवर बसले. मी त्यांना कधी जमिनीवर बसलेलं बघितलं नव्हतं.

"मधू मला न विचारता भरती झाला," ते म्हणाले. "पंधरा दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. त्याची आई असती तर निघताना हातावर दही घातलं असतं तिनं. मग आदल्या दिवशी मीच विरजण लावलं. म्हटलं, माझं तोंड उघडत नाही तर नाही, हात तर पुढं होईल. बाराला टांगा येणार होता. सकाळी वाचनालयात गेलो, तासाभरात येतो सांगून. हे पुस्तक उघडलं. विसरण्यावरचंच प्रकरण होतं. मान वर केली तेव्हा दीड वाजला होता."

आतून सूनबाईचं रडणं ऐकू येत होतं.

"घराला कुलूप. किल्ली शेजारच्या वहिनींकडं. त्या म्हणाल्या, मी घालते दही, असं त्याला म्हटलं. तर म्हणाला, नको, बाबा येतील. टांगेवाल्याला दोनदा थांबवलं त्यानं. दही फडताळात झाकलेलं होतं, वरची साय मोडली नव्हती. मग चार महिन्यांनी तार. ब्रह्मदेशाच्या हद्दीवर बेपत्ता. मेला असंही नाही. बेपत्ता."

"आवं मास्तर, मानूस हाय. इसरतो."

"मी तुला काय शिकवलंय?"

शिकवलेलं सगळं पाठ होतं, तीच पंचाईत.

मग मला सुचलं. मी चटकन बोललो, "तुमच्याच पुस्तकानं सांगतो. तुमाला त्यो जायाला नको हुता. दही घातलं असतं तर त्यो गेला असता. म्हून इसरला तुमी."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. परीक्षेत ढ पोरानं बरोबर उत्तर दिलं की बघतात तसं. मला वाटलं, जिंकलो.

"बसतं उत्तर," ते म्हणाले. "पण फार गोड आहे रे. दुसरंही बसतं. माझं न ऐकता निघालेल्या पोराला मला शिक्षा करायची होती. दोन्ही तंतोतंत बसतात. खरं कुठलं, ते सांगणारा डॉक्टर सिनेमात असतो." छत्रीचं टोक ते मातीत फिरवत राहिले. "तिला एकदा आठवलं की ती बरी होते, शिदू. मला रोज आठवतं."

आत शिट्ट्या वाजल्या. दीर सापडला होता. मास्तर उठले, कोट झटकला, गेले. मी दारात मघासारखाच आडवा उभा होतो, कुणालाही न अडवता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सांगली स्टेशनावर डबे चढवून बसलो, तर फलाटावरून मास्तर येताना दिसले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात वाटी, वर ताटली झाकलेली. आजूबाजूची माणसं बघायला लागली. मास्तर खिडकीशी आले.

"पाच नंबरचा डबा घेतलास?"

"घेतला."

"मोज परत."

मोजून दाखवले. मग त्यांनी ताटली काढली आणि जरा वेळ वाटीतच बघत राहिले.

"एक सांग. ती बहीण. शेवटी सापडते का?"

मी तुम्हाला आधीच सांगितलंय, सिनेमा ते सांगत नाही. आणि मी थापा मारत नाही, हेही सांगितलंय.

"सापडती की," मी म्हणालो.

"कुठं?"

मास्तरच ते. नुसत्या उत्तराला मार्क देणार नाहीत.

"दवाखान्यात," मी म्हणालो. "लय लांबच्या. पाय मोडल्याला असतो तिचा, म्हून इतकं दिस कळवता येत न्हाई."

"चालता येतं ना पण?"

"जरा लंगडती. पर येती चालत. सोताच्या पायानं घरात येती."

मास्तरांनी मान हलवली. दोनदा हलवली. मग म्हणाले, "हात पुढं कर." मी केला. त्यांनी माझ्या तळव्यावर चमचाभर दही घातलं, सायीसकट. गाडी हलली तरी चमचा तसाच पुढं धरून ते चार पावलं बरोबर चालले.

मधू आला नाही. पुढं मास्तरही थेटराकडं फिरकले नाहीत.

साताऱ्यात तो सिनेमा दोन आठवडे चालला. दारावर मीच. चष्मेवाला डॉक्टर खुर्ची ओढून बसला की मी दार लोटून बाहेर जाऊन उभा राहायचो, रोज. आत ती बहीण सापडत नाही, हे मला माहीत होतं.