दोनशे शहात्तर जोड्या

साळवे सर चहाच्या टपरीवर असतील, तर घाईच्या माणसानं तिकडे फिरकू नये. आम्ही पाच मास्तर जमलो की सर आधी सगळ्यांना एकमेकांशी हात मिळवायला लावतात. "पाच माणसं, दहा वेळा हात मिळाले पाहिजेत. आत्ताशी नऊच झाले. कोण राह्यलं?" मग उघडकीला येतं की पवार गुरुजींनी आणि मी कालपासून अबोला धरलाय. झक मारत हात मिळवावा लागतो. तोवर चहाही निवतो आणि रागही.

जाफराबादहून शाळेला येताना जीपमध्ये मागं आम्ही पाचच जण असतो. एकदा सर म्हणाले, "पाच जणांना बसायच्या एकशेवीस तऱ्हा हैत. आपण चार वर्षं एकाच तऱ्हेनं बसून राह्यलो!" झालं, रोज जागा बदलणं सुरू. अंगानं भरलेल्या पवार गुरुजींची दाराशी बसायची पाळी आली, तेव्हा दारच लागेना. ड्रायव्हर वैतागला, "सर, अशी गाडी चालत न्हाई." सरांनी वही काढली आणि गुरुजी दाराशी बसतील अशा चोवीस तऱ्हा तिथल्या तिथं बाद केल्या.

मी त्या शाळेचा मुख्याध्यापक. चौथीचा वर्ग साळवे सरांकडे. पोरं चोवीस, बाक बारा. दोघादोघांच्या जोड्या लावल्या तर होतात दोनशे शहात्तर, आणि रोज बारा धरल्या तर तेवीस दिवसांत प्रत्येक पोर प्रत्येकाशेजारी एकदा बसून होतं. तसा तक्ता सरांनी पुठ्ठ्यावर आखला होता. एखादं पोर आलं नाही की सर गावातल्या कुणाची तरी फटफटी मागून त्याच्या घरी हजर. एकदा एक आई म्हणाली, "सर, तापानं फणफणलंय लेकरू." सर निमूट परत आले आणि त्या लेकराच्या जागी, गुडघे पोटाशी घेऊन, दिवसभर स्वतः बाकावर बसले. तिथूनच भूगोल शिकवला. हजेरीत आमची चौथी केंद्रातल्या सगळ्या शाळांत पहिली आली, तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

अठराव्या दिवशी एका पोराचे वडील आले. गावातलं वजनदार माणूस. माझ्यासमोर ऐसपैस बसून म्हणाले, "तक्ता चालू द्या, माझं काही म्हणणं न्हाई. पण उद्या माझ्या पोराशेजारी जे पोरगं येऊन राह्यलंय, ते बिलकुल नको." का नको, तेही त्यांनी सांगितलं. त्या पोराची जात सांगितली.

मी पडलो वाद टाळणारा माणूस. सरांना ऑफिसात बोलावून म्हणालो, "सर, एकच जोडी वगळा. दोनशे पंच्याहत्तर झाल्या तरी काय कमी आहेत?"

सर आकडा सांगतील, भांडतील, असं वाटलं होतं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्या गुरुजीलाबी लोकांनी हेच म्हणलं होतं. एकाच पोराला बाजूला बसवा. गुरुजी वाईट न्हवते, सर. तुमच्यासारखेच होते. ते पोरगं मी होतो. चौथी होईस्तोवर एकटा बसलो. बाकावर जागा लई होती."

मला लाज वाटली. इतकी वर्षं एका जीपमधून ये-जा केली, आणि त्या माणसाला मी नुसता आकड्यांचा वेडा समजत होतो.

त्या वडिलांना मी निरोप धाडला की तक्ता बदलणार नाही, मुख्याध्यापक बदलायचा तर बदला. आयुष्यात एवढं मोठं वाक्य मी पहिल्यांदाच बोललो. दुसऱ्या दिवशी त्यांचं पोर येतंय की नाही, म्हणून मी प्रार्थनेआधीच फाटकात उभा. पोर आलं. तक्त्यात आपलं नाव बघून नेमून दिलेल्या बाकावर जाऊन बसलं. दहा मिनिटांत दोघांचं एका खोडरबरावरून भांडणही जुंपलं. सर दारात उभं राहून ते भांडण बघत होते. त्यांनी ते सोडवलं नाही.

मधल्या सुट्टीत मी ऑफिसातला डबा उचलला आणि चौथीच्या रिकाम्या वर्गात जाऊन सरांच्या शेजारी बाकावर बसलो. सरकून जागा देताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"दोन माणसं," मी म्हणालो. "किती जोड्या होतात, सर?"

"एकच," सर म्हणाले, आणि त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकर मोडून माझ्या डब्यात ठेवली.