सातवा फर्मा

परमेश्वर हवालदाराच्या पुस्तकातली सोळा पानं कोरी होती, आणि प्रकाशनाला चार महिने उलटले तरी हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यालाच कळलं, वालूरच्या घरी, सकाळचा चहा घेताना. स्वतःचं छापलेलं पुस्तक वाचायचा धीर तोवर झाला नव्हता. त्या दिवशी झाला. शहाण्णव पानं वाचली, पान उलटलं आणि पुढे नुसता बर्फ.

पुस्तकाचं नाव 'चालत गेलो, चालत आलो'. पायदळातल्या साध्या शिपायाच्या आठवणी. त्यात तोफा थोड्या आणि पायाचे फोड फार. अर्धी कच्ची डाळ, न वाळणारे मोजे, वाट पाहायला लावणारी पत्रं. सातवं प्रकरण तेवढं महारुद्रचं. पोखर्णीचा महारुद्र, एका कांबळ्यात झोपलेला सोबती, नव्व्याण्णव सालच्या लढाईत डोंगरावर गेला. त्याच्या बायकोला, कुसुमबाईला, जे सव्वीस वर्षं तोंडानं सांगता आलं नाही, ते परमेश्वरनं त्या प्रकरणात लिहिलं होतं. बाकीची अकरा प्रकरणं म्हणजे त्या एकाला सोबत. पहिली प्रत त्यानं तिलाच पाठवली होती. तिचा निरोप आला नाही. वाचून तिनं माफ केलं की तोंड फिरवलं, हेच तो चार महिने घोकत होता.

त्यानं परभणीच्या छापखानेवाल्याला, बन्सीधरला, फोन लावला.

"सातवा फर्मा, म्हंजी सोळा पानांचा एक जुडगा, छापायचा ऱ्हायला आसंल," बन्सीधर शांतपणे म्हणाला. "कोरे कागद तसेच बाइंडिंगला गेले."

"सगळ्या तीनशे प्रतींत?"

"सगळ्या. पर एक तक्रार न्हाई बघा, हवालदारसाहेब. म्हंजी वाचकाला चालायलंय."

"मला न्हाई चालत."

"मग शुद्धिपत्र काढू. कोऱ्या पानांच्या जागी असं वाचावं, म्हणून."

"सोळा पानांचं शुद्धिपत्र?"

"चूक जेवढी, तेवढंच की. जादा कशाला?"

परमेश्वर उठला तो थेट रंगनाथ गुरुजींकडे गेला. गुरुजी निवृत्त हेडमास्तर; प्रकाशनाच्या दिवशी पुस्तकावर पाऊण तास बोलले होते.

"गुरुजी, सातवं प्रकरण कसं वाटलं?"

"सातवं?" गुरुजींनी चष्मा काढला. "सातवं म्हणजे कळस हो. दोनदा वाचलं मी."

"दोनदा."

"पहिल्यांदा डोळे भरून आले, अक्षरच दिसेना."

अक्षर दिसेना, हे एवढं मात्र खरं होतं. परमेश्वर सरपंचांकडे गेला. सरपंच गोपाळराव गुरुजींहून उत्साही निघाले.

"महारुद्रनं छातीवर गोळी घेतली, पर झेंडा सोडला न्हाई. काय लिवलंय राव तुमी."

"झेंडा कुठं हाय त्यात?"

"हाय की. तुमीच लिवलंय आन् तुमीच इसरायलाव?"

दाणा न टाकता जातं फिरवावं, तशी ही स्तुती गावभर फिरली. गोपाळरावांचा झेंडा वार्ताहरानं उचलला, पेपरात छापला. तो वाचून गंगाखेडच्या एका वाचनालयानं सातव्या प्रकरणाला पुरस्कार जाहीर केला. मानपत्रात गोळ्या तीन झाल्या आणि झेंड्याला वारा लागला. परमेश्वरनं लिहिलेलं कुणी वाचलं नव्हतं. न लिहिलेलं सगळ्यांना पाठ होतं.

"तू तरी का वाचलं न्हाईस गं?" त्यानं एका दुपारी बायकोला, सविताला, विचारलं.

"तुमी तिकडं व्हता तवा रोज रेडिओ ऐकला," ती तांदूळ निवडत म्हणाली. "तेवढ्यानं पोट भरलं माझं. वाचलं न्हाई, आन् वाचलं म्हणूनबी मिरवत न्हाई. ह्या गावात एवढंबी लय हाय."

परमेश्वरनं मनाशी ठरवलं. पुरस्कार घ्यायला जायचं. सत्कार झाला की पुस्तक अध्यक्षांच्या हाती द्यायचं आणि म्हणायचं, साहेब, आपल्या आवाजात सातवं प्रकरण होऊन जाऊ द्या. मग सभा कशी गप्प होते, ते खुर्चीत बसून बघायचं. या विचारानं त्याला आठ दिवस गोड झोप लागली.

कार्यक्रमाच्या सकाळी तो बूट चमकवत बसला होता. दारात कुसुमबाई उभी राहिली. पोखर्णीच्या अंगणवाडीत ती सेविका होती. पुस्तकाला तिनं पोरांच्या वह्यांना घालतात तसं खाकी कव्हर घातलं होतं. दुसऱ्या हातात पेपरातलं कात्रण.

"भाऊजी, एक विचारायचं व्हतं. पहिल्याच महिन्यात वाचलं मी. रोज आठ पानं, ओळीखाली बोट धरून. मधली सोळा पानं कोरी निघाली. मला वाटलं, तुमच्यानं लिववलं न्हाई. म्हणून गप बसले."

परमेश्वरचा हात बुटातच राहिला. तीनशे प्रतींना मिळून वाचक निघाला तो हा एक.

"आता पेपरात आलं, त्या पानांनाच बक्षीस हाय म्हणून. गोळी, झेंडा, समदं." तिनं कात्रण पुढं केलं. "मग माझ्याच पुस्तकातून का काढली, भाऊजी? साऱ्या गावानं वाचावं आन् मी वाचू नये, असं काय हाय त्यात?"

"वहिनी, ती कुणाच्याच पुस्तकात न्हाईत. छापखान्याची चूक हाय."

"मग बक्षीस कशाला दिलं?"

सविता आतून आली. तिनं फडताळातली हातानं लिहिलेली वही काढून नवऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि कुसुमबाईला पाट दिला.

आता छापखाना मध्ये नव्हता. परमेश्वर वाचायला लागला.

"'वर पाणी नव्हतं. खालच्या ओढ्यावरून कॅनमधून आणावं लागे. त्या सकाळी पाळी माझी होती. मला ताप नव्हता. मी चार दिवस ताप असल्याचं सांगत होतो. महारुद्र माझे कॅन घेऊन उतरला. वाटेवर तोफेचा गोळा पडला. त्याच्या हाती बंदूकही नव्हती.'"

तो थांबला. मान वर करायची हिंमत होईना. कुसुमबाईचा आवाज आला तो संथ, गव्हातले खडे बाजूला काढावेत तसा.

"तार आधी आली, ह्यांचं पत्र मागून आलं. त्यात लिवलं व्हतं, परमेश्वरला थंडी सोसंना, तापाचं सोंग करतंय बिचारं. त्याच्या पाळीचं पाणी मीच आणायलोय. गावाकडं कुणाला सांगू नको, हासतील त्याला."

"तुमाला ठावं व्हतं?"

"सव्वीस वर्षं. कुणाला सांगितलं न्हाई. तुमी सांगताव का, तेवढं बघायला पुस्तक वाचलं मी. आन् नेमकी तिथंच पानं कोरी."

बाहेर गंगाखेडच्या गाडीनं हॉर्न वाजवला. परमेश्वर अर्धवट उठला.

"बसा," कुसुमबाई म्हणाली. "अजून पंधरा पानं हायत."