टाळूचा फोटो

जठारपेठेतल्या त्या घराची बेल वाजवण्याआधी जानरावांनी फोन सायलेंटवर असल्याची पुन्हा एकदा खात्री केली. होता. तरी घाम फुटलाच. मुलीसाठी स्थळ पाहायला आलेल्या बापाला घाम फुटायचाच. पण जानराव अमरावतीहून दोन भानगडी सोबत घेऊन अकोल्याला आले होते.

पहिली भानगड म्हणजे तो फोनच. दुबईमार्गे आलेला जपानी माल, बिलाविना घेतलेला. आणि होणारे व्याही शालिकराम यांचं मोबाईलचं दुकान, तेही पक्क्या बिलाचं. "बाहेरचा माल घेनारा मानूस अन् बाहेरून जेवून येनारा नवरा, दोघायचा भरोसा नाही," असं ते गिऱ्हाइकांना ऐकवत.

दुसरी भानगड बायकोनं, मैनाबाईंनी, लावून दिली होती. त्यांच्या मावसबहिणीच्या जावयाचे केस लग्नानंतर चिखलदऱ्याच्या वाऱ्यात उडाले, ते थेट दरीत. गुडघ्यामुळे मैनाबाईंना येता आलं नाही, पण हुकूम आला होता. "पोरगा पाया पडाले वाकला का टाळूचा फोटो काढजा अन् लगेच मले धाडजा. विग असन तं मले फोटोत समजते. तुमाले समोर बसूनही समजनार नाही."

मुलगी आकांक्षा महिनाभर शालिकरामांच्या श्यामशी फोनवर बोलत होती आणि तिला तो मनापासून पसंत होता. निघताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, तिथं घोळ नका करजा."

शालिकरामांनी बसवलं. त्यांच्या बायकोनं, माणिकबाईंनी, पोहे आणले. श्याम आला आणि वाकला. जानरावांनी उजव्या हातानं आशीर्वाद दिला, डाव्यानं फोटो काढला.

खच्याक.

सायलेंटवरचा फोन अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा वाजला. श्याम वाकलेलाच राहिला.

"मेसेज आला," जानराव म्हणाले.

"मोठा असन," शालिकराम म्हणाले.

जानरावांनी हळूच पाहिलं. फोटोत गालिचा होता आणि श्यामचा एक कान. एका कानावर मैनाबाई सोयरीक करणार नव्हत्या. जानरावांच्या हातून चष्म्याचं घर टेबलाखाली गेलं, म्हणजे जानरावांनीच ते घालवलं. श्याम संस्कारी मुलगा, पुन्हा वाकला.

खच्याक.

"लय मेसेज येऊन राहिले," शालिकराम म्हणाले.

या वेळी टाळू नेमकी आली होती. तिच्या मधोमध पाणीपुरीच्या पुरीएवढं टक्कल होतं. जानरावांचं काळीज थांबलं, पण बोट थांबलं नाही. फोटो मैनाबाईंना गेला. आता बायको नाही म्हणणार आणि पोरगी रडणार.

शालिकरामांनी हात पुढे केला. "पाहू."

"काय?"

"फोन."

दुकानदाराला नाही कसं म्हणणार? शालिकरामांनी तो उलटासुलटा केला. "जपानचा हाय."

"भेट आला."

"याच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद होत नाही. काहून, सांगू? तिकडं कोनी लपून फोटो काढू नये म्हनून."

स्क्रीनवर टाळू तशीच होती. शालिकराम पाहत राहिले. माणिकबाई वाकून पाहू लागल्या. श्यामही.

"हे कोनाचं हाय?" श्यामनं विचारलं.

मग श्यामचा हात सावकाश स्वतःच्या डोक्यामागे गेला आणि तिथंच राहिला.

"आमी पोरगा दाखवाले बसलो," शालिकराम थंड आवाजात म्हणाले, "अन् तुमी माल तपासून राहिले?"

जानराव चपला शोधायच्या बेतात असताना फोनवर खरोखरचा मेसेज आला. काहीच आवाज झाला नाही. उरलीसुरली थापही उघडी पडली. शालिकरामांनी तो मोठ्यानं वाचला.

"टक्कल हाय म्हंजे केस अस्सल हायेत. विगवाल्याले टक्कल नसते. हो म्हना, अन् पोहे खाऊन या."

शालिकरामांनी मेसेज पुन्हा वाचला, मनातल्या मनात.

"बाईले माल समजते," ते म्हणाले.

माणिकबाईंनी जानरावांच्या बशीत आणखी पोहे वाढले. शालिकराम आत गेले आणि एक सीलबंद नवा फोन घेऊन आले.

"माह्या व्याह्याच्या हातात तो दुबईचा दिसला तं मले दुकान बंद करा लागन. बिल कोनाच्या नावानं करू?"

"व्याह्याले भावात काही कमी?" जानरावांनी विचारलं.

"पोरगा देऊन राहिलो ना."

जानरावांनी श्यामकडे पाहिलं. त्याचा हात अजून टाळूवरच होता.

"मैनाबाईच्या नावानं करा," जानराव म्हणाले. "तपासनारी तेच हाय."