आत्याने नळ्या घासल्या

"आमच्या टाक्यांतून थेंबभर जरी पेट्रोल गळत असेल ना, तर मी स्वतः पंपाला कुलूप घालते!" ताईने तपासनिसांना ठणकावलं. वडील जाऊन तीन महिने झाले होते. त्यांच्या खुर्चीत बसलं की असं बोलता येतं, हे तिला नुकतंच कळलं होतं.

"कुलूप आम्हीच घालतो," तपासनीस शांतपणे म्हणाले.

जमिनीखालच्या टाक्यांभोवती त्यांनी आदल्या दिवशीच चार बारीक नळ्या पुरल्या होत्या. त्यांतून मातीतली हवा ओढायची आणि यंत्राला हुंगायला द्यायची. पेट्रोलची वाफ सापडली की टाकी गळते. पंप बंद. सरळ मामला!

पहिल्याच नळीला यंत्र असं किंचाळलं, की रांगेतल्या स्कूटरवाल्याने टाकीचं झाकण हातात घेऊनच पोबारा केला!

"ताई, हे काय?"

"तुमचं यंत्र बिघडलं असेल!"

दुसऱ्या नळीला ते आणखी किंचाळलं. तिसरीला तर डोळ्यांत साबण गेलेल्या पोरासारखं थांबेचना! तपासनिसांनी पिशवीतून पंपाला सील ठोकायची लाल फीत काढली. बाबांनी बत्तीस वर्षं सांभाळलेला पंप ताईने तीन महिन्यांत बुडवला होता.

तेवढ्यात तिला चौथ्या नळीपाशी आत्या दिसली. बाबांची ही धाकटी बहीण बाह्या सरसावून, फडकं घेऊन उकिडवी बसली होती.

"आत्या! काय करतेस?"

"दिसत नाही? घासतेय! साहेब येणार आणि नळ्या अशा चिखलाने बरबटलेल्या? तीन सकाळीच चकाचक केल्यात. ही एवढी राहिली."

"कशाने घासल्यास?"

"कशाने म्हणजे? पेट्रोलने! दादा सगळं पेट्रोलनेच पुसायचा. टेबलसुद्धा!"

तपासनिसांनी डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

शेवटी त्यांनी जुन्या नळ्या उपटल्या, जरा बाजूला नव्या पुरल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मात्र आत्याला दहा हात लांब बसवण्याच्या अटीवर.

या वेळी यंत्राने हूं की चूं केलं नाही. तपासनीस मोठ्याने आकडे वाचत गेले. शून्य. शून्य. शून्य. शून्य.

ताई मटकन पायरीवर बसली. हे ऐकायला बाबा हवे होते, एवढंच तिच्या मनात आलं.

आत्या मात्र अट मोडून तरातरा पुढे आली आणि तपासनिसांना बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "साहेब, असं काय करता? पोर नवीन आहे हो, बाप नुकताच गेलाय. निदान पास होण्यापुरते तरी द्या!"