मौजे मनगट येथील बांगड्यांची स्वारी

श्रीसिद्धरामेश्वर समर्थ. शके अठराशे सत्त्याण्णव, राक्षसनाम संवत्सर, वैशाख मास, मुक्काम सोलापूर. ते समयी जे युद्ध जाहले ते ऐकणारांनी सावध चित्ते ऐकावे. युद्ध हाताचे होते, आणि दोन्ही बाजूंची फौज एकाच घरची होती.

ऐसियास, शांतम्मा बाईसाहेब, कॉलेजात जीवशास्त्र शिकविणार, सूक्ष्मदर्शकाच्या मनसबदार, यांचे देहराज्यात बंड माजले होते. राज्याचे रक्षणास पांढऱ्या पेशींची फौज पिढीजाद नामजाद होती. बाहेरून जंतूंची टोळी शिरली की लिंफोसाइट सरदारांनी शत्रू ओळखावा, आणि मग भक्षक पेशींनी धावून त्यास सगळा गिळावा, ऐसा कदीम दस्तूर. या फौजेच्या इमानाची तारीफ बाईसाहेब दरसाल फळ्यापाशी उभ्या राहून करीत. त्याच सरदारांची बुद्धी कैसी फिरली न कळे. त्यांनी बोटांच्या सांध्यांचे मऊ अस्तर परमुलूख ठरविले, आणि कुमक मागविली, आणि मग कुमकेने आणखी कुमक मागविली, आणि मग पेशींनी आपल्या पोटातील जहाल रस तेथे ओतले, आणि मग अस्तर फुगून कूर्चेवर चालून गेले. डाक्टर या रोगास रूमॅटॉइड म्हणत, वैद्य आमवात म्हणत, आणि बाईसाहेबांच्या सासूबाई दानम्मा आईसाहेब नुसते 'हं' म्हणत.

ऐसे असता कन्या नागम्मा यांची सोयरीक मंद्रूपकरांशी जुळली. या घरची चाल ऐसी की, नवरीस हिरवा चुडा भरण्यापूर्वी आईचे हात भरावे. आईचे हात न भरले तर तिचे पाटावर दुसरीने बसावे, आणि मग लग्न लागेतो आईचे सारे मान तिजकडे. या पाटावर थोरल्या जाऊबाई शिवबाई यांची नजर होती.

येथे खरे लिहिणे प्राप्त आहे. बाईसाहेबांनी उभी हयात बांगड्यांस काचेची अडगळ म्हणावे, आणि मनगटी एक घड्याळ बांधून कॉलेजात जावे. हात धड होते तो बांगडी नको होती. बोटे धरली, आणि मग बांगडीवाचून जीव राहीना. शास्त्रात यास कारण सापडले नाही.

घरचे जंगम पुरोहित अय्या यांनी बांगड्यांचा मुहूर्त सूर्योदयाचा काढला. बाईसाहेबांनी हरकत घेतली, की बंडखोरांचा जोर पहाटेस फार; बोटे लाकडासारखी ताठतात, आणि उन्हे चढल्यावर ढळतात; सबब स्वारी दुपारच्या आधी नको. त्यावर आईसाहेबांनी सवाल केला:

"मुहूर्त अय्यानं काढायचा का तुज्या पेशींनी?"

"आत्याबाई, ही माझीच फौज आहे. तिला माझा सांधा परका वाटतो, म्हणून ती त्याच्यावर—"

"तुजी फौज तुजंच ऐकत न्हाय, अन् कॉलेजातली पोरं ऐकत्यात व्हय?"

या जाबसालात बाईसाहेबांची शिकस्त झाली. तथापि अय्यांनी दुपारचा मुहूर्त काढून दिला, आणि बाईसाहेबांनी ॲस्पिरिनच्या गोळ्या घेतल्या, आणि ऊन पाण्याच्या घंगाळात हात बुडविले, आणि साबणाचा फेस करून मोर्चे बांधले.

दुपार होताच सोजरबाई कासारीण बांगड्यांचे दोर खांद्यावर टाकून दाखल झाली. सोप्यात चादर अंथरली होती, नवरी मोकळ्या हातांनी बसली होती, आणि वऱ्हाडातील बायका दाटीवाटीने पाहत होत्या.

"माप काय म्हनायचं, बाईसाब?"

"सव्वादोन," बाईसाहेब ताठ मानेने म्हणाल्या.

पहिली बांगडी चार बोटे उतरून अंगठ्याच्या खिंडीत अडकली.

"अंगठा आत मुडपा की."

"मुडपत नाही, तेच तर दुखणं आहे."

"मग श्वास सोडा."

श्वास सोडला, आणि बांगडी कडकन वाढली. दुसरी वाढली. तिसरी वाढली, आणि काचेचा ओरखडा उठून रक्ताचा थेंब आला. त्या जागी तीच बंडखोर फौज तत्काळ हजर झाली, आणि निमूट बंदोबस्तास लागली, जणू सांध्यात काही घडलेच नव्हते. बाईसाहेबांस हे ठाऊक होते. हसावे की रडावे हे मात्र ठाऊक नव्हते.

तो समय साधून शिवबाई यांनी पदर सावरला. "ऱ्हाऊ दे की गं, शांता. कशाला जिवाला तरास? मी बसते पाटावर. तू आपली खुर्चीत बसून बघ."

बाईसाहेबांनी पाट सोडला नाही, पण पाय हलले. तो नवरी बोलली, "आई, पावणेतीनच्या घाल की!"

कासारणीचा हात मोठ्या मापाच्या दोराकडे गेला.

"पावणेतीन? ते तर आत्याबाईंचं माप!" बाईसाहेबांच्या तोंडून गेले.

"व्हय, माजंच," दानम्मा म्हणाल्या. "म्हशी धुतलेला हात हाय. लाज वाटती व्हय गं मास्तरीन?"

तेव्हा बाईसाहेबांस आपला मुलूख उघडा दिसला. सव्वादोन हे माप त्यांच्या लग्नातले. साऱ्या कुळात एवढा नाजूक हात दुसरा नव्हता, आणि बांगडी अडगळ म्हणणाऱ्या या बाईने तो गर्व मनाच्या तळघरात जपून ठेविला होता. सांध्यांची सूज डाक्टरांस सांगितली, पेशींचा कट सासूस समजाविला, मोजल्यावाचून काही मानू नका ऐसे पोरांस बजाविले. आपली मूठ तेवढी मोजली नाही.

मग त्यांनी कासारणीस हुकूम फर्माविला, की पावणेतीन काढ. हुकुमाचा आवाज बारीक निघाला. दानम्मांनी स्वतः पुढे होऊन सुनेचा हात मांडीवर घेतला, आणि साबण चोळला, आणि बोटे एकेक करून जवळ आणिली, हळू, जैसे तान्ह्या लेकराचे हात. बांगडी खिंडीत थबकली, आणि मग पार झाली, आणि मनगटावरून घसरून थेट कोपराकडे धावली.

"लई ढिल्या की," शिवबाई म्हणाल्या.

"ढिल्या तर ढिल्या. बसल्या न्हवं? आता तू जाऊन गूळपानी बघ."

येणेप्रमाणे स्वारी फत्ते झाली. दोन्ही हात भरले, आणि मग नवरीचा चुडा आईच्या पाटाशेजारी भरला गेला, आणि आईचे मान आईकडे राहिले. वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे सुपात गोळा करून तुळशीत घातले. शत्रूची हानी काही नाही. तो सांध्यांतून ठाण मांडून आहे, आणि त्याची रसद बाईसाहेबांच्याच ताटातून चालते. त्याजबरोबर तहही झाला नाही, कारण तो ऐकत नाही. जिंकले ते इतकेच, की ज्या हातावर त्याचा अंमल होता तो हात बाईसाहेबांनी आहे तैसा चार बायकांपुढे केला. हे वर्तमान यथास्थित दप्तरी दाखल असे.